ड्यूटर किड कम्फर्ट: मूल पाठीवर घेऊन डोंगर चढायचा तर

लहान मुलाला कडेवर किंवा पाठुंगळीला घेऊन चढावर फार तर वीस मिनिटं निभतं. त्यापुढे हात भरून येतात, तोल जाऊ लागतो आणि ठेच लागली तर सावरायला एकही हात मोकळा नसतो. मूल आधाराशिवाय नीट बसू लागल्यापासून ते तीन-साडेतीन वर्षांचं होईपर्यंत डोंगरवाटेसाठी फ्रेमचं कॅरिअर हाच शहाणपणाचा पर्याय आहे. ड्यूटर या जर्मन कंपनीचं किड कम्फर्ट हे त्या प्रकारातलं एक जुनं आणि वेळोवेळी सुधारत आलेलं कॅरिअर. आमचं मत आधीच सांगून टाकतो: मळलेल्या पायवाटेवरच्या दिवसभराच्या भटकंतीसाठी ते फार चांगलं आहे. मात्र ते उचलणाऱ्याच्या आणि मुलाच्या अंगाला जुळवून घेतलं नाही, तर ते साध्या सॅकपेक्षाही जास्त छळतं. म्हणून या परीक्षणाचा मोठा भाग जुळवणीवरच खर्च केला आहे.

रचना थोडक्यात अशी. ॲल्युमिनियमची फ्रेम, पाठीला हवा लागावी म्हणून ताणून बसवलेली जाळी, उंचीप्रमाणे वरखाली सरकणारे खांद्याचे पट्टे, चालताना कमरेबरोबर हलणारा जाड कंबरपट्टा. मुलाच्या बाजूला पाच टोकांचा सुरक्षापट्टा, हनुवटीसमोर मऊ उशी, पाय ठेवायला रिकिबी, बाजूने उघडणारं दार आणि वर छत. खाली उघडमिट होणारा स्टँड. रिकाम्या कॅरिअरचं वजन साधारण साडेतीन किलो आहे आणि मुलाच्या वजनाची मर्यादा २२ किलो.

हा २२ चा आकडा वाचून पाच वर्षांच्या मुलालाही नेता येईल असं वाटतं. कॅरिअरला ते झेपेलही, पण पाठीचं तसं नाही. हिशेब करून पाहा. दोन वर्षांचं मूल साधारण १२ किलोचं, कॅरिअर साडेतीन, दोन लिटर पाणी म्हणजे दोन किलो, जादा कपडे, डायपर, खाणं आणि प्रथमोपचाराची पिशवी मिळून आणखी दोन. झाले साडेएकोणीस किलो. शिवाय हे वजन सॅकमधल्या सामानासारखं गप्प बसत नाही. ते पक्षी दाखवायला डावीकडे झुकतं आणि झोप लागली की उजवीकडे कलंडतं. म्हणून दोन मोठी माणसं असतील तर मूल उचलणाऱ्याने फक्त मूल, एक पाण्याची बाटली आणि हाताशी लागणारी एक लहान पिशवी घ्यावी. बाकी सगळं दुसऱ्याच्या सॅकमध्ये. सीटखालचा कप्पा मोठा आहे आणि तो भरायचा मोह होतो. जड वस्तू त्यात गेल्याच, तर पाठीला चिकटून ठेवाव्यात. त्या मागच्या बाजूला गेल्या की कॅरिअर मागे ओढतं आणि माणूस नकळत पुढे वाकून चालू लागतो.

आता जुळवणी. सुरुवात पाठीच्या लांबीपासून करायची, कारण ती चुकली की पुढचं सगळं चुकतं. सगळे पट्टे सैल करून कॅरिअर चढवावं आणि कंबरपट्टा आधी लावावा. कमरेच्या हाडाची वरची कड दोन्ही बाजूंना हाताने चाचपता येते. पट्ट्याच्या रुंदीचा मध्य त्या कडेवर यायला हवा. बकल बेंबीच्या जरा खाली येतं. पट्टा पोटावर बसला असेल तर तो वर आहे, मांडी उचलताना टोचत असेल तर खाली आहे. मग खांद्याचे पट्टे ओढायचे. पट्टा खांद्यावरून मागे वळून दोन खांद्यांच्या फळ्यांच्या मध्ये फ्रेमला मिळाला पाहिजे आणि खांद्यावर कुठेही पोकळी दिसता कामा नये. पोकळी दिसली तर पाठीची लांबी जास्त ठेवली आहे. पट्टे खांद्यावर करकचून बसले आणि कंबरपट्टा वर ओढला गेला, तर ती कमी पडते आहे. ही लांबी पट्टा ओढून हवी तेवढी बदलता येते, त्यात ठरावीक खाचा नाहीत. आईबाबा आलटूनपालटून उचलणार असतील तर हीच सोय सगळ्यात मोलाची आहे. दोघांच्या मापांच्या खुणा पट्टीवर पक्क्या शाईने करून ठेवाव्यात. वाटेत अंदाजाने लांबी बदलायला गेलं की हमखास चुकते.

शेवटी, खांद्याच्या पट्ट्याच्या वरून फ्रेमकडे तिरकी जाणारी छोटी ओढपट्टी. बहुतेक लोक तिला हातच लावत नाहीत. ती ओढली की मुलाचं वजन पाठीजवळ येतं. पूर्ण ताणली तर वजन पुन्हा खांद्यांवर येतं, म्हणून ती आडवीपासून साधारण ३० ते ४५ अंशांच्या कोनात, हलकी ताणलेली ठेवावी. चढावर थोडी सैल, उतारावर थोडी घट्ट. छातीचा पट्टा फक्त खांद्याचे पट्टे बाहेर सरकू नयेत म्हणून असतो. तो श्वास अडेल इतका कशाला आवळायचा? अर्ध्या तासाने खांदे दुखू लागले तर खांद्याचे पट्टे आणखी ओढू नयेत. ते सैल करून, कंबरपट्टा पुन्हा हाडावर घेऊन आवळावा आणि मग खांदे हलकेच ओढावेत. दुखण्याचं मूळ जवळजवळ नेहमी घसरलेल्या कंबरपट्ट्यात सापडतं.

पहिल्या भटकंतीआधी घरी सराव करायचा तर एक लिटरच्या दहा भरलेल्या बाटल्या चादरीत घट्ट गुंडाळून सीटवर बांधाव्यात. दहा किलो होतात. तेवढ्यावर अर्धा तास जिने चढून-उतरून पाहिलं की कुठे टोचतं ते कळतं. मुलालाही त्यात घरात आणि अंगणात आधी दोन-तीनदा बसवावं. डोंगराच्या पायथ्याशी पहिल्यांदाच पट्टे आवळले की ते रडणारच.

मुलाच्या बाजूची जुळवणी आणखी महत्त्वाची आहे. मोठ्या माणसाला टोचलं तर ते सांगतं. दीड वर्षाचं मूल फक्त किरकिर करतं आणि ती किरकिर भुकेची की पायाला मुंग्या आल्याची हे ओळखू येत नाही. सीटची उंची अशी ठेवावी की हनुवटी समोरच्या उशीच्या जरा वर येईल. सीट फार खाली असली तर तोंड उशीत रुततं. वर असली तर मूल बाहेर झुकतं आणि झोपेत डोक्याला आधार मिळत नाही. सुरक्षापट्टा खांद्यापाशी असा आवळावा की खाली दोन बोटं सपाट सरकतील, पण पट्ट्याची चिमटी धरता येणार नाही. जाड जॅकेट घालून पट्टा लावला आणि नंतर ऊन पडलं म्हणून जॅकेट काढलं, तर पट्टा पुन्हा आवळलाच पाहिजे. ही चूक अगदी सर्रास होते.

रिकिबी हा या कॅरिअरमधला सगळ्यात दुर्लक्षित भाग. पाय नुसते लोंबकळत राहिले की शरीराचं सगळं वजन मांड्यांच्या आतल्या बाजूला, सीटच्या कडेवर येतं. तिथून पायाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या दबतात, पाय बधिर होतात आणि थंडीत तर ते धोकादायक ठरतं. गुडघा कमरेच्या पातळीला किंवा किंचित वर येईल इतक्या उंचीवर रिकीब हवी. मग मूल पायांवर भार देऊ शकतं आणि मांडीवरचा दाब उतरतो. मुलं वाढतात तशा रिकिबी खाली घ्याव्या लागतात. नेहमी नेत असाल तर दीड-दोन महिन्यांनी मापं पुन्हा पाहावीत. सव्वा वर्षाच्या आतल्या मुलांचे पाय रिकिबीपर्यंत पोचतच नाहीत; त्यांना दर ४०-४५ मिनिटांनी बाहेर काढून पाय मोकळे करू देण्याला पर्याय नाही.

बाजूचं दार हे किड कम्फर्टचं खास वैशिष्ट्य. चालणारं मूल स्वतःच्या पायांनी आत शिरतं, त्याला वरून उचलून घालावं लागत नाही. ऑस्प्रे या दुसऱ्या कंपनीच्या पोको या कॅरिअरमध्ये मूल वरूनच बसवावं लागतं. मूल जड झालं की हा फरक कमरेला जाणवतो. दोन-अडीच वर्षांच्या मुलाचा ‘मी मीच बसणार’ हा हट्टही दारामुळे पुरा होतो. दार लावल्यावर मात्र त्याचं बकल आणि सुरक्षापट्टा दोन्ही ओढून तपासायचे, दरवेळी.

मूल बसवून कॅरिअर उचलण्याचा क्रम ठरलेला असावा. सपाट, टणक जागा शोधून स्टँड शेवटपर्यंत उघडावा. मूल चढत असताना एक हात फ्रेमवर असू द्यावा, कारण मुलाने एका बाजूला पाय दिला की कॅरिअर कलंडू शकतं. पट्टे लावून झाले की गुडघ्यांत वाकून, पाठ सरळ ठेवून कॅरिअर वरच्या मुठीला धरून आधी मांडीवर घ्यावं, एक हात पट्ट्यात घालावा, मग अंग वळवून दुसरा. कंबरपट्टा लावेपर्यंत जरासं पुढे झुकून राहावं. दुसऱ्या माणसाने मागून आधार दिला तर काम फारच सोपं होतं. कॅरिअर पाठीवर गेल्यावर स्टँड मिटवायचा, नाहीतर तो मांडीवर आपटतो आणि झुडपांत अडकतो. उतरवताना हाच क्रम उलटा. मोठा खडक, कट्टा, बाक किंवा गाडीची डिकी अशा उंच जागी मुलासकट कॅरिअर ठेवून चढवायची युक्ती काही जण सांगतात. ती करू नये. स्टँड घसरला तर मूल थेट डोक्यावर पडतं. जमिनीवर उभं केलेलं कॅरिअर म्हणजे खुर्चीही नव्हे: मूल त्यात असेपर्यंत कुणाचा तरी हात त्यावर हवा. चिखलात आणि भुसभुशीत मातीत स्टँड रुततो, त्यामुळे अशा ठिकाणी मूल बाहेर काढूनच थांबावं.

हवामानाचा मुद्दा नवख्यांना चकवतो. उचलणारा माणूस घामाने निथळत असतो, म्हणून मुलालाही गरम होत असेल असं त्याला वाटतं. मूल मात्र हालचाल न करता, वाऱ्याच्या तोंडावर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर बसलेलं असतं. दर हजार मीटर चढाईला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं आणि धारेवर वारा असतोच. ढोबळ नियम असा: उचलणाऱ्याच्या अंगावर जेवढे थर असतील त्याहून मुलाच्या अंगावर एक जास्त. थंडी तपासायची ती मानेच्या मागे बोटं घालून. हात आणि नाक गार असूनही अंग उबदार असू शकतं. पायांचं वेगळं. बोटं दर अर्ध्या तासाने पायमोजे काढून पाहावीत, पांढरी किंवा गार दगड झाली असतील तर लगेच थांबून आपल्या अंगाच्या उबेत घ्यावीत. एकावर एक दोन घट्ट मोजे घातले तर रक्तपुरवठा आणखी कमी होतो, त्यापेक्षा एक सैल लोकरी मोजा आणि वर मऊ बूट बरा. बर्फात किंवा शून्याखालच्या वाऱ्यात या प्रकारचं कोणतंच कॅरिअर वापरू नये, कारण लोंबकळते, हालचाल नसलेले पाय हा हिमदंशाला सरळ रस्ता आहे.

छताबद्दल आमचं मत संमिश्र आहे. डोक्यावरचं ऊन ते छान अडवतं. सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन मात्र बाजूंनी आत येतं आणि अतिनील किरणांची तीव्रता दर हजार मीटरला १० ते १२ टक्क्यांनी वाढते. म्हणून छत असलं तरी लांब बाह्यांचे कपडे, मऊ टोपी आणि उघड्या कातडीला सनस्क्रीन हवंच. टोपीची मागची कड कडक असेल तर मूल मान टेकवू शकत नाही आणि टोपी फेकून देतं. पुढेच झडप असलेली टोपी टिकते. धारेवर आणि खिंडीत छत शिडासारखं वारा पकडतं आणि उचलणाऱ्याचा तोल घालवतं, तिथे ते काढून ठेवावं. झाडीत फांद्या आधी छतावर आणि मग मुलाच्या तोंडावर येतात. उचलणाऱ्याच्या डोक्यावर एक-दीड वीत जास्त उंची आहे हे सतत लक्षात ठेवावं लागतं. पावसासाठी कव्हर वेगळं घ्यावं लागतं, ही आमची या उत्पादनाबद्दलची खरी तक्रार. ते ओढल्यावर आत हवा कोंडते, त्यामुळे पाऊस थांबला की ते लगेच काढावं.

झोप लागली की डोकं पुढे पडतं आणि हनुवटी छातीला टेकते. लहान मुलाची श्वासनलिका अरुंद असल्याने ही स्थिती वाईट. उशी त्यासाठीच आहे, पण ती गालाला टेकेल अशी सीटची उंची आधीच ठेवलेली असावी लागते. मागे काय चाललंय हे उचलणाऱ्याला दिसत नाही. खांद्याच्या पट्ट्याला दोरीने बांधलेला न फुटणारा छोटा आरसा फार उपयोगी पडतो. उशी निघते आणि धुता येते. लाळ आणि सनस्क्रीन मिळून तिचं जे होतं ते पाहता ती प्रत्येक फेरीनंतर धुवावीच.

कुठे न्यावं आणि कुठे नाही? जिथे हात टेकावे लागतात तिथे कॅरिअर नेऊ नये. कातळटप्पे, दोरीची जागा, घसाऱ्याची वाट, गुडघ्यावर पाणी असलेला ओढा ही सगळी त्यात येतात. मुलामुळे भाराचा गुरुत्वमध्य बराच वर गेलेला असतो, त्यामुळे नेहमी सहज पार होणारी ओली फरशीसुद्धा अवघड होते. उतारावर दोन ट्रेकिंग पोल वापरले तर गुडघ्यांवरचा भार हलका होतो आणि चार टेकू मिळतात. बुटाची नाडी सुटली तर कमरेत वाकायचं नाही, नाहीतर मूल डोक्यावरून पुढे येतं. एक गुडघा टेकून खाली बसायचं, किंवा सरळ दुसऱ्याला बांधायला सांगायचं.

वेळेचा अंदाज नेहमीच्या सवयीने काढू नये. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये सांगितलेला ठोकताळा अजून वापरतात: सपाटीवर ताशी पाच किलोमीटर आणि दर ६०० मीटर चढाईला एक तास जास्त. सहा किलोमीटरची वाट आणि ३०० मीटर चढ असेल तर त्या हिशेबाने सुमारे एक तास चाळीस मिनिटं होतात. पाठीवर मूल असेल, ते अधूनमधून चालणार असेल आणि थांबे धरले तर याच्या दुप्पट वेळ गृहीत धरावा. साडेतीन तास अगदी सहज जातात. चालणाऱ्या मुलाला पाणी, दगड, किडे असलेल्या भागात खाली सोडावं आणि सरळ, कंटाळवाण्या टप्प्यावर पाठीवर घ्यावं. उलट केलं की दोन्हीकडे रड. परतताना मूल चालेलच असं धरून वाट ठरवू नये. पूर्ण उतार त्याला पाठीवर घेऊन येता येईल इतकी ताकद शिल्लक असतानाच माघारी फिरावं, शिखर डोळ्यांसमोर असलं तरी.

उंचीचंही एक भान हवं. साधारण २,५०० मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास सुरू होऊ शकतो. न बोलणारं मूल डोकं दुखतंय म्हणून सांगत नाही. ते खाणं-पिणं सोडतं, खेळत नाही, उगाच रडतं, ओकतं, नीट झोपत नाही. अशा वेळी कारण शोधत बसू नये, खाली उतरावं. इतक्या लहान मुलाला घेऊन त्या उंचीवर मुक्काम आखूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

याच मालिकेतली ॲक्टिव्ह ही आवृत्ती हलकी आहे. दोन-तीन तासांच्या फेऱ्या आणि बांधा लहान असलेला उचलणारा, असं असेल तर ती जास्त पटते. तिच्यात लहान पाठीसाठी एसएल हा प्रकारही मिळतो. किड कम्फर्टमधला जास्तीचा भार मुलाच्या आरामासाठी आहे आणि चार तासांनंतर तो वसूल होतो. बसने किंवा छोट्या गाडीने जाणाऱ्यांनी मात्र एक पाहून घ्यावं: स्टँड आणि छत मिटवूनही हे कॅरिअर बरीच जागा खातं.

वापरलेलं घ्यायला हरकत नाही, मुलं इतक्या लवकर मोठी होतात की वापरलेली कॅरिअर बहुधा धडधाकट असतात. पण घेताना फ्रेमवर जोर देऊन सांधे करकरतात का ते ऐकावं, प्रत्येक बकल दहा वेळा लावून-सोडून पाहावं, पट्ट्यांची शिवण उलटून बघावी, उन्हाने कापड फिकट आणि कडक झालं असेल तर सोडून द्यावं. स्टँड उघडून, सीटवर दहा-बारा किलो ठेवून हलवून पाहावा. शिवलेल्या लेबलावर ईएन १३२०९-१ किंवा एएसटीएम एफ२५४९ हे फ्रेमच्या कॅरिअरचे सुरक्षामानक आहे का ते वाचावं. दाराचं बकल आणि पाच टोकांच्या पट्ट्याचे सगळे भाग जागेवर असलेच पाहिजेत. एखादा हरवला असेल तर त्याजागी दुसरं काही बांधून काम चालवायचं नाही, तो कंपनीकडून मागवायचा आणि तोवर कॅरिअर माळ्यावर ठेवायचं.